उभ्या झाडापासून दारापर्यंत

लाकडाचा भाव काय, असं नागपूरच्या लकडगंजात किंवा पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जाऊन विचारलं, तर उत्तराआधी प्रश्नच येतात. गोल माल हवा की साइज? घेर किती, लांबी किती? ओलं चालेल की वाळलेलंच पाहिजे? सीपी साग की बाहेरचा? (‘सीपी’ म्हणजे जुना मध्य प्रांत. नकाशावरून तो कधीच गेला, वखारीतून अजून गेलेला नाही.) नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, हा माणूस भाव सांगायचं टाळतोय. वास्तविक त्याने सांगायला सुरुवात केलेली असते. एवढ्या गोष्टी ठरल्याशिवाय लाकडाला भावच नसतो.

सोन्याचा भाव वर्तमानपत्रात एका ओळीत मावतो. लाकडाचा मावत नाही, कारण लाकूड ही एक वस्तू नाही. शेताच्या बांधावर उभा असलेला साग, तोडून डेपोत लावलेला ओंडका, गिरणीतून निघालेली फळी, वाळवून रंधलेली चौकट आणि कोरीव दार या पाच वेगवेगळ्या बाजारांतल्या पाच वेगवेगळ्या वस्तू आहेत. त्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे लाकडाचे तंतू. प्रत्येक पायरीवर भाव का बदलतो, किती बदलतो आणि वाढलेला पैसा कुणाच्या हाती राहतो, हा या पुस्तकाचा विषय आहे.

कायद्याला या पायऱ्या दिसत नाहीत. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात इमारती लाकडाची जी व्याख्या आहे, तिच्यात पडलेलं वा पाडलेलं झाड येतं आणि कापलेलं, घडवलेलं, पोखरलेलं असो वा नसो, असं सगळंच लाकूड येतं. ओंडका आणि फळी कायद्याच्या लेखी सख्खी भावंडं. बाजारात मात्र ती एकमेकांना ओळख देत नाहीत.

आधी मोजमापाबद्दल बोलायला हवं, कारण निम्मे गैरसमज तिथेच जन्मतात. गोल लाकूड मोजण्याची आपल्याकडची जुनी रीत चौथाई घेराची. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. १०० सेंटिमीटर घेराचा, ४ मीटर लांबीचा ओंडका या हिशेबाने ०.२५ घनमीटर भरतो. शुद्ध भूमितीने मोजला तर तोच ओंडका ०.३१८ घनमीटर आहे. म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर टक्के लाकूड कागदावर येतं आणि साडेएकवीस टक्के मोजलंच जात नाही. यात फसवाफसवी नाही. अठराव्या शतकातल्या होपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराच्या कोष्टकांपासून ही रीत रूढ झाली आणि चिरताना जाणाऱ्या लाकडाची काही सूट तिच्यात आधीच धरलेली आहे. पण तिचा परिणाम असा, की एखादा गिरणीवाला ‘आमचा उतारा ६४ टक्के’ म्हणतो आणि दुसरा ‘आमचा ५०’ म्हणतो, तेव्हा दोघंही एकाच दर्जाचं काम करत असू शकतात. पहिला डेपोच्या मापावर बोलतोय, दुसरा खऱ्या घनफळावर.

गोल वस्तूतून चौकोनी वस्तू काढायची म्हटली की तोटा अटळ. वर्तुळात बसणारा सर्वांत मोठा चौरस वर्तुळाच्या ६४ टक्क्यांहून कमीच असतो. उरलेलं ३६ टक्के पाठीच्या फळकटांत जातं. गिरणीवाला त्यातूनही पट्ट्या, रिपा काढतो, पण करवतही आपला वाटा घेतेच. तीन मिलिमीटरचा काप घेणाऱ्या पात्याने २५ मिलिमीटरच्या फळ्या पाडल्या, तर दहा टक्क्यांवर लाकडाचा भुसा होतो. समजा, डेपोतून १०० घनफूट साग घनफुटाला २००० रुपयांनी घेतला. चौथाई घेराच्या मापातले १०० म्हणजे खरे सुमारे १२७. त्यातून निम्मा, म्हणजे साडेत्रेसष्ट घनफूट चिरीव माल निघाला, तर वाहतूक, मजुरी, वीज, व्याज यांतला एक पैसाही न धरता चिरलेल्या घनफुटाची किंमत ३१५० रुपयांच्या घरात जाते. (आकडे उदाहरणापुरते, कुणी ते घेऊन वखारीत भांडायला जाऊ नये.) ‘गिरणीत नुसतं कापलं आणि दीडपट केलं’ हा शेतकऱ्याचा राग पुष्कळदा या भूमितीवर निघत असतो. राग करण्याजोग्या जागा आहेत, पण त्या दुसरीकडे.

जाड ओंडक्याला घनफुटाचा दरही जास्त का, तेही इथेच उलगडतं. सागाच्या सालीखालचा पांढरा भाग टिकत नाही. किंमत आतल्या पक्क्या लाकडाला. पांढऱ्याची जाडी दोन सेंटिमीटर धरली, तर ६० सेंटिमीटर घेराच्या लाकडात पक्का भाग सुमारे साडेबासष्ट टक्के आणि १२० सेंटिमीटर घेरात ८० टक्के. घेर दुप्पट झाला की डेपोचं माप चौपट होतं, वर प्रत्येक घनफुटातला उपयोगी भाग वाढतो आणि रुंद, बिनगाठीची फळी निघण्याची शक्यता वाढते ती वेगळीच. म्हणून एका मोठ्या झाडाचे पैसे चार बारक्या झाडांच्या पैशांहून बरेच जास्त होतात.

हे साधं गणित विसरल्याने १९९०च्या दशकात हजारो मध्यमवर्गीय घरांनी पैसे घालवले. सागलागवडीच्या योजनांच्या जाहिरातींचा तो काळ. झाडामागे काही हजार रुपये भरा, वीस वर्षांनी लाखोंचा धनी व्हा. त्या हिशेबांत जंगलातल्या पक्व सागाच्या चिरीव मालाचा भाव घेऊन तो कोवळ्या, सिंचनावर वाढलेल्या उभ्या झाडाला लावला जाई. पायरी चुकली, वय चुकलं, उताराही चुकला. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीने १९९९ मध्ये नियम आणले, पण तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं.

या विषयाचा अभ्यास तसा जुना, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात प्रक्रियेपासून झाली नाही, अंतरापासून झाली. योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदार-अर्थतज्ज्ञाने १८२६ मध्ये एका कल्पित नगराभोवती शेतीची वर्तुळं आखली. भाजीपाला आणि दूध यांच्या लगेच पलीकडच्या वर्तुळात त्याने चक्क जंगल ठेवलं, धान्याच्याही आत. कारण लाकूड जड, आणि बैलगाडीने लांबून आणलं तर वाहतूकच त्याची किंमत खाते. हा विचार आपल्या मुलखात लावून पाहिला की कोकणातल्या कोळशाच्या भट्ट्यांचा अर्थ लागतो. चार-पाच किलो लाकडाचा किलोभर कोळसा होतो. रस्ता नसलेल्या डोंगरातून लाकूड वाहण्यापेक्षा ते तिथेच जाळून हलकं करणं परवडतं. तिथे प्रक्रिया होते ती लाकूड खाली उतरवण्यासाठी. कातकऱ्यांच्या ज्या पिढ्यांनी या भट्ट्यांवर राबण्यात आयुष्य घालवलं, त्यांच्या पदरी मात्र पायरी चढल्याचा नफा कधी पडला नाही.

दुसरा टप्पा मार्टिन फाउस्टमानचा. १८४९ मध्ये त्याने जंगलाखालच्या जमिनीचं मोल काढण्याचं सूत्र मांडलं आणि जर्मन वनशास्त्रात मूल्यमापनाची एक अख्खी शाखा उभी राहिली. त्याच परंपरेतून पुढे उभ्या झाडाची किंमत मागे मोजत जाऊन काढण्याची रीत पक्की झाली. फळीचा बाजारभाव घ्या, त्यातून चिराईचा खर्च वजा करा, वाहतूक वजा करा, तोड वजा करा, ठेकेदाराचा नफा वजा करा. जे उरेल ते झाडाचं. माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली या वजाबाकीत आहे. लाकडाची किंमत मुळाकडून शेंड्याकडे चढत नाही. ती तयार वस्तूकडून मागे झाडाकडे उतरत येते. शेतकरी समजतो की आपण पंचवीस वर्षं झाड वाढवलं, त्याच्या खर्चावर भाव ठरावा. बाजार त्याचा खर्च विचारत नाही. तो दारापासून सुरुवात करतो आणि वाटेत ज्याला ज्याला थांबवता येत नाही, त्याला त्याला देत देत बांधापर्यंत येतो.

आल्फ्रेड मार्शलने १८९०च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट व्यापक रूपात सांगितली. कच्च्या मालाची मागणी ही तयार मालाच्या मागणीतून आलेली असते. घरं बांधणं थांबलं की तुळईची मागणी थांबते, तुळईची थांबली की ओंडक्याची. पण हा धागा सगळीकडे सारखा ताणलेला नसतो, याचा धडा अलीकडेच मिळाला. मे २०२१ मध्ये शिकागोच्या वायदेबाजारात चिरीव लाकडाचा भाव हजार बोर्डफुटांना १६०० डॉलरच्या वर गेला. कोविडच्या साथीच्या आधी तो चारशेच्या आसपास घोटाळत असे. त्याच महिन्यांत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पाइनचे मळे बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना उभ्या झाडाचा भाव जवळपास पूर्वीचाच मिळत होता. झाडं मुबलक होती, तुटवडा होता गिरण्यांच्या क्षमतेचा. जिथे अडचण, तिथे नफा. उतरत येणारी किंमत गिरणीच्या दारातच थांबली.

भारतात वसाहतीच्या सरकारने जर्मन वजाबाकी आणली, तीही जर्मन माणसांकरवी. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश माणूस १८४७ मध्येच वनसंरक्षक झाला होता. मग जर्मन डीट्रिश ब्रँडिस ब्रह्मदेशातल्या सागाचा हिशेब बसवून इकडे आला आणि १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं. त्याआधीही पश्चिम किनाऱ्यावर लाकूड चढ्या पायरीवर विकलं जात होतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये मलबारी सागातून बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. खातं आल्यावर सरकारचं लक्ष मात्र ओंडक्यावर आणि उभ्या कुपाच्या, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलपट्ट्याच्या, लिलावावर राहिलं. ठेकेदार कूप उक्ता घेई आणि पुढची सगळी वाढ त्याची. १९४७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू केल्या, त्या या ठेकेदाराला बाजूला सारून तोडीची पायरी तरी आदिवासींच्या हाती यावी म्हणून. कल्पना थोर होती. काही संस्था चालल्या, काही ठेकेदारांनीच मागच्या दाराने चालवल्या. पण चिराईच्या पायरीपर्यंत त्यांतल्या फारच थोड्या पोचल्या.

इथून तिसरी विचारधारा सुरू होते, ती किमतीत सत्ता शोधणारी. माधव गाडगीळ यांनी वारंवार मांडलेलं उत्तर कानडा जिल्ह्यातलं बांबूचं उदाहरण तिचा पाया म्हणायला हरकत नाही. कागद गिरणीला सरकार टनामागे दीडेक रुपयाने बांबू देत होतं आणि तोच बांबू सुपं-टोपल्या विणणाऱ्या बुरडांना बाजारात कित्येक पट भावाने घ्यावा लागत होता. माल एकच, जंगल एकच. प्रक्रिया करणारा मोठा आहे की लहान, यावर कच्च्या मालाचा भाव ठरला. मागे मोजत जाण्याच्या रीतीला हे उदाहरण छेद देतं. वजाबाकीत कुणाचा किती खर्च आणि किती नफा ‘वाजवी’ धरायचा, हे कोष्टक सांगत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने वनहक्क कायद्याच्या जोरावर २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने स्वतःच्या ग्रामसभेकडे घेतले, तेव्हा बांबूवर कोणतीही नवी प्रक्रिया झाली नव्हती. परवान्याचं पुस्तक कुणाच्या हाती, एवढंच बदललं आणि गावाला मिळणारी किंमत बदलली.

हाच वाद देशादेशांतही चालतो. कॅनडातली बहुतेक जंगलं प्रांत सरकारांच्या मालकीची. ही सरकारं उभ्या झाडाचा दर प्रशासकीय पद्धतीने ठरवतात आणि तो दर मुद्दाम कमी ठेवून चिरीव लाकडाला छुपं अनुदान दिलं जातं, असं म्हणत अमेरिका १९८२ पासून भांडते आहे. इंडोनेशियाने १९८५ पर्यंत ओंडक्यांची निर्यात पूर्ण बंद केली आणि काही वर्षांत तो देश प्लायवुडचा जगातला अग्रगण्य निर्यातदार झाला. प्रक्रियेचे पुरस्कर्ते हे उदाहरण नेहमी देतात. ते अर्धंच असतं. निर्यातबंदीने देशातल्या ओंडक्याचा भाव पडला, स्वस्त लाकूड मिळतंय म्हणून गिरण्या उधळ्या झाल्या, उतारा घसरला आणि जंगल वाचण्याऐवजी वेगाने संपलं. कच्चा माल स्वस्त करून प्रक्रिया वाढवता येते, पण त्या प्रक्रियेचं बिल कुणीतरी भरत असतं. बहुधा झाड, आणि झाडाजवळ राहणारी माणसं.

या परदेशी गोष्टी आपल्या स्वयंपाकघरातल्या कपाटापर्यंत येतात. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली आणि भारतीय प्लायवुडच्या वरच्या पापुद्र्यासाठी लागणारा गर्जन दुर्मीळ झाला. गॅबनने २०१० मध्येच ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं होतं. मग भारतीय कारखानदारांनी पापुद्रा काढायची यंत्रं तिकडे नेली आणि तिथल्या ओकूमे झाडाचे तयार पापुद्रे इकडे येऊ लागले. दुसरीकडे गांधीधामच्या गिरण्यांत न्यूझीलंडचा पाइन ओंडक्याच्या रूपात उतरतो आणि खोक्यांच्या पट्ट्या होऊन महाराष्ट्रभर फिरतो. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जंगलतोडीवर आणि बिगरपरवाना गिरण्यांवर टाच आली. आपलं लाकूड आटलं, बाहेरचं आलं आणि उरलेली मागणी शेतातल्या झाडांकडे वळली. आजचा प्रश्न म्हणूनच वनखात्यापेक्षा शेतकऱ्याचा जास्त आहे.

आणि शेतकरी कुठल्या पायरीवर विकतो? बहुतेक वेळा अगदी खालच्या. व्यापारी बांधावर येतो, नजरेने घेर जोखतो आणि उक्ता सौदा ठरतो. महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याखालची परवानगी, सातबारा, मोजणी, हातोड्याचा शिक्का, वाहतूक परवाना या सगळ्या खेपा व्यापारी स्वतःवर घेतो आणि त्यांची किंमत झाडाच्या भावातून कापतो. ज्या राज्यांत शेतातल्या पॉप्लर-निलगिरीवरची बंधनं सैल झाली, तिथे हरयाणातल्या यमुनानगरसारखी प्लायवुडची केंद्रं उभी राहिली. तिथला शेतकरी निदान तोडलेला, घेरानुसार वेगळा केलेला माल बाजारात नेतो. नुसतं वर्गवारी करून विकणं हीही प्रक्रियाच आहे, आणि सगळ्यांत स्वस्त प्रक्रिया आहे.

पुढची पायरी नेहमीच जास्त पैसे देते, असंही समजू नये. पापुद्रा काढण्याच्या लायकीचा सरळ, बिनगाठीचा ओंडका चिरून वासे केले, तर चिराईचा खर्च होऊन वर किंमत घटते. न वाळवता केलेलं दार पहिल्याच उन्हाळ्यात मुरडतं आणि घडणावळ वाया जाते. चिपळूणकडच्या कात कारखान्यांकडे जाणाऱ्या खैराला फळीची वाटच नाही. त्याचं मोल आतल्या लाल लाकडाच्या वजनात, उकळल्यावर किती कात सुटतो त्यात. आणि सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्यासारखं, ज्याला वखारीत कोणी उभं करणार नाही असं लाकूड खेळण्यातलं फळ होऊन बाहेर पडतं. तिथे किमतीत लाकडाचा वाटा नगण्य, सगळी किंमत हाताची आणि रंगाची. या दोन टोकांच्या मध्ये साग कुठेतरी आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या महाद्वारांसाठी बल्लारपूरच्या डेपोतून साग मिरवणुकीने गेला. चंद्रपूरला त्याचा अभिमान वाटला, वाटावाच. पण वनविकास महामंडळ १९७४ पासून असूनही त्या पट्ट्यातून बाहेर जातो तो मुख्यतः गोल किंवा चिरलेला माल. कोरीव काम आणि त्याची मजुरी दुसरीकडे. हे वाक्य मी तक्रार म्हणून लिहिलं आहे.

या संग्रहात वनाधिकारी, गिरणीमालक, सुतार, शेतकरी आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक यांचे लेख एकत्र आणले आहेत. त्यांचं एकमत नाही, आणि संपादकांनी ते घडवून आणण्याचा प्रयत्नही केलेला नाही, हे चांगलं झालं. मूल्यवर्धनाचे पुरस्कर्ते आणि त्याच्या नावाखाली झाडाचा भाव पाडला जातो असं म्हणणारे इथे शेजारी शेजारी बसले आहेत. मराठीत वनांवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण लाकडाच्या व्यापारावर फार थोडं. त्यामुळे लिलावातला माणूस काय पाहतो, गिरणीत पहिला काप कुठे द्यायचा हे कसं ठरतं, सुतार फळी ठोकून काय ऐकतो, असल्या गोष्टी इथे प्रथमच सविस्तर आल्या आहेत. मला स्वतःला पतपुरवठ्याची बाजू थोडी तोकडी वाटली. लाकूड वाळायला ठेवायचं म्हणजे पैसा अडकवून ठेवायचा, आणि ज्याला व्याज परवडत नाही तो ओलंच विकतो. या एका कारणाने किती गिरण्या कायमच्या खालच्या पायरीवर राहिल्या, याचा वेगळा लेख व्हायला हवा होता.

वाचकाला एक व्यावहारिक सूचना. लेखांतले रुपयांतले भाव त्या त्या लेखाच्या वर्षाचे आहेत आणि ते लवकरच जुने होतील. ओंडक्याचा दर एक धरला तर फळीचा किती, वाळलेल्या फळीचा किती, दाराचा किती, अशी गुणोत्तरं मांडून ते वाचावेत. ती रुपयांपेक्षा सावकाश बदलतात. आणि दोन लेखांतले आकडे जुळत नसतील तर कुणी चुकलं असं ठरवण्याआधी प्रत्येकाच्या तळटीपेत माप कोणतं धरलंय ते पाहावं, चौथाई घेराचं की खऱ्या घनफळाचं.